थंड पाण्यात धुणं: वर्षभर मशीन वापरून सांगते

आम्ही बेळगावात वडगावला राहतो, गेल्या जूनला फ्रंट लोड मशीन घेतली, तेव्हा दुकानदार म्हणाला थंड पाण्यातच धुवा, लाईट बिल कमी येतंय. रोजचे शर्ट, साड्या, पोरांचे युनिफॉर्म थंडात खरंच मस्त निघतात, आताच्या पावडरीत एन्झाइम असतात त्यामुळं आमटीचे डागपण जातात. पण पावसाळ्यात इथं आठ-आठ दिवस ऊन नसतंय, टॉवेल घरातच दोरीवर, आणि तोंड पुसलं की कुबट वास! दाराचा रबर उलटा करून बघितला तर आत काळा चिकट थर. थंड पाणी जंतू मारत नाही हो, साबणानं सुटून बरेच वाहून जातात पण काही राहतातच. आता टॉवेल, आतले कपडे आणि सासूबाईंच्या चादरी 60 डिग्रीला, ऑक्सिजन ब्लीचवाली पावडर घालून, आणि महिन्यातून एकदा रिकामी मशीन गरम पाण्यावर फिरवते, दार उघडंच ठेवते. वास गेला बघा. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर ते कपडे वेगळे आणि गरमच धुवा, त्यात कंजूषी नको. मशीनला चार स्टार, एक कापला कारण 60 चा प्रोग्राम दोन तासांच्या वर चालतो आणि मध्येच करंट गेला की परत पहिल्यापासून.