डिह्युमिडिफायर : चार महिने, एक पावसाळा आणि अर्ध्या काडेपेटीएवढा फ्लोट

जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दिवसाला 12 लिटर पाणी काढणारा, कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर पर्वरीच्या फ्लॅटमध्ये रोज चालला. हवेतलं पाणी तो झकास काढतो, पण घरात माणूस असेल तर. आणि मांडवी ओलांडून पणजीत नोकरीला जाणाऱ्यांच्या घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सात चिटपाखरूही नसतं. त्यामुळे यंत्र एकटं असताना किती चालतं, हाच खरा प्रश्न. ऑगस्टमध्ये ते बंद पडलं आणि सर्व्हिसवाल्यांशी वाजलं, तेही त्यावरूनच.

आधी त्या 12 लिटरचं. हा आकडा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेवरचा असतो. खोली 60 टक्क्यांवर आली की तेच यंत्र दिवसाला सहा-सात लिटर काढतं. ही फसवणूक नव्हे, हवेत पाणीच कमी उरलेलं असतं. मात्र 70 वॅटचे ते गोंडस, बिनआवाजाचे छोटे डबे घेऊ नका. दिवसभरात वाटीभर पाणी निघतं, आणि कपाटामागची बुरशी जागची हलत नाही.

टाकी दोन-सव्वादोन लिटरची. जुलैत ती पाच-सहा तासांत भरते. म्हणजे आठला घर सोडलं की दुपारी दोनला यंत्र गप्प, आणि संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा 85 टक्क्यांवर. यावर उपाय म्हणजे मागच्या तोटीला पाइप लावून पाणी थेट नहाणीत सोडायचं. यात पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. म्हणून यंत्र वीतभर उंच स्टुलावर ठेवायचं, पाइप कुठेही वर चढू द्यायचा नाही, त्याचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही. पाइप तोटीवर चढत नसेल तर टोक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरावं, मग निमूट चढतं.

पाइप लावल्यावर प्रश्न सुटला असं जुलैअखेरपर्यंत वाटत होतं. ते मत मागे घेतो.

टाकीत एका कोपऱ्यात अर्ध्या काडेपेटीएवढा पांढरा फ्लोट असतो. त्याच्या पोटात लोहचुंबक. पाणी चढलं की तो वर येतो, त्याच्यासमोर यंत्राच्या आतल्या भिंतीतला स्विच ते ओळखतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाइप लावलेला असला तरी हा पहारेकरी कामावरच असतो. टाकीच्या तळाशी थोडं पाणी राहतंच. तीन आठवड्यांत त्यावर बुळबुळीत थर धरतो, आणि फ्लोट वरच्या वर चिकटून बसतो. टाकी रिकामी, पाइप मोकळा, तरी ‘टाकी भरली’चा लाल दिवा. उलटंही होतं : फ्लोट खाली चिकटला आणि पाइप लावलेला नसला, तर यंत्र थांबत नाही आणि पाणी फरशीवर.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने टाकी बाहेर न काढताच निदान केलं, ‘पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला.’ नवीन बोर्डाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, तपासणीचे पैसे वेगळे. बोर्ड ठणठणीत होता. फ्लोट बोटाने दाबला तर टक्‌ करून खाली पडायला हवा, तो पडत नव्हता. पाच मिनिटांचं काम : फ्लोट बिजागरीतून सोडवायचा, कोमट पाणी आणि साध्या पांढऱ्या व्हिनेगरने जुन्या टूथब्रशने घासायचा, बिजागरीच्या दोन्ही खाचाही घासायच्या. (माडाच्या सुरेचं व्हिनेगर इथे वाया घालवू नका, ते विंदालूला.) परत बसवताना चुंबकाची बाजू स्विचकडे हवी. उलटा बसला तर यंत्र जन्मात सुरू होणार नाही आणि तोच माणूस पुन्हा पीसीबीच म्हणेल. पाइपमधूनही तेच कोमट पाणी-व्हिनेगर ओतावं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

कॉइल (हवेतलं पाणी जिच्यावर जमतं ती गार नळी) थंड करणारा गॅस खरंच गेला असेल तर लक्षण वेगळं. जाळी काढून आत बॅटरी मारा. कॉइलचा एखादाच कोपरा गार किंवा बर्फाळ आणि बाकीचा भाग कोरडा असेल तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ आणि हवा मंद असेल तर फिल्टर तुंबलाय, तो नळाखाली धुवा.

दुसरं दुखणं विजेचं. पावसाळ्यात लाइट जाते, येते. टचपॅनेलवालं यंत्र लाइट आल्यावर पुष्कळदा झोपूनच राहतं. त्यामुळे दुकानातच यंत्र सुरू करून प्लग काढायला लावा, पाच मिनिटांनी परत लावा. आपसूक सुरू झालं नाही तर घेऊ नका, कितीही सवलत असो. कॉम्प्रेसर मात्र तीनेक मिनिटं उशिरानेच उठतो, तो दोष नव्हे. स्मार्ट प्लगनेही असं टचवालं यंत्र जागं होत नाही. गोल खटक्याचं जुनाट मॉडेल इथे बाजी मारतं.

आता सुख. चांगल्या पिळलेल्या पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतंच. दार-खिडक्या बंद करून, पंखा एकवर ठेवून सात-आठ तासांत ते निघतं, पावणेदोन युनिटांत. टॉवेलला तो कुबट वास नाही. इस्त्री करून ओले शर्ट सुकवण्यापेक्षा हे केव्हाही परवडलं. श्रावणातल्या भजनाला पेटीच्या पट्ट्या अडकल्या नाहीत, तबला उतरला नाही. त्यासाठी काटा 55 वर ठेवायचा. 45 च्या खाली नेलं तर चामडं आणि लाकूड दोन्ही ताणतात, आणि युनिटं फुकट जातात.

खोली मात्र दोन-तीन अंश तापते, कारण वाफेतली उष्णता तिथेच सुटते. झोपायच्या खोलीत रात्री नको. तिथे एसीचा ड्राय मोड बरा, पण पावसात खोली आधीच 26 अंशांवर असली की एसी पुरेसं पाणी काढायच्या आत थंड होऊन थांबतो.

यंत्रावरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर विसंबू नका. साधा आर्द्रतामापक घेऊन मिठाने तपासा : बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत, रात्रभर. सकाळी 75 दिसायला हवेत. आमचा 71 दाखवतो, म्हणून चार मिळवून वाचायचं.

निघालेलं पाणी लादी पुसायला, कुंड्यांना. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतायचा मोह आवरा. दिसायला डिस्टिल्ड, पण कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात असतात.

ऑक्टोबरात बांधून ठेवण्याआधी नुसत्या पंख्यावर तीन-चार तास चालवा, टाकी उन्हात सुकवा, यंत्र उभंच ठेवा. फ्लोट काढून पाकिटात घालून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवलाय. सुटा मिळत नाही, हरवला तर अख्खी टाकी घ्यावी लागते.