एएक्स२१० डेस्कटॉप कार्ड: नव्या लिनक्सवर वायफाय लगेच, ब्लूटूथ मात्र केबल जोडल्यावरच

डेस्कटॉपवर लिनक्स नव्यानं टाकणाऱ्यांनी वायफायसाठी काय घ्यावं, याचं माझं उत्तर सध्या एकच आहे: इंटेलची एएक्स२१० चिप बसवलेलं पीसीआयई कार्ड, म्हणजे मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड. डेबियन १२, डेबियन १३ आणि लिनक्स मिंट २२ या लिनक्सच्या तिन्ही आवृत्त्यांवर ते वेगळा ड्रायव्हर न शोधता चालतं. पण पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. ब्लूटूथसाठी कार्डापासून मदरबोर्डापर्यंत एक वेगळी केबल जोडावी लागते, आणि या कार्डावरून ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट लावता येत नाही.

हे कार्ड वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या नावानं विकतात. आत सगळ्यांच्या तेच असतं: २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.२ कार्ड, ते ज्यात बसतं तो पीसीआयई पट्टा, वर उष्णता खेचणारा धातूचा तुकडा आणि दोन अँटेना. त्यामुळे खोक्यावरच्या ब्रँडपेक्षा चिपचा नंबर बघा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘लिनक्सला चालेल का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येणार. त्याऐवजी ‘एएक्स२१०एनजीडब्ल्यू आहे का’ असं विचारा आणि लेबल डोळ्यांनी वाचून घ्या. एएक्स२११ किंवा एएक्स२०१ हातात पडलं तर परत द्या. दिसायला ती तशीच असतात, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं. पीसीआयई पट्ट्यात घातली तर ती लिनक्सलाच काय, विंडोजलाही दिसत नाहीत. त्याहून नवं बीई२०० अनेक एएमडी बोर्डांवर उठतच नाही. एएक्स२१० एएमडी बोर्डावरही व्यवस्थित चालतं, हा त्याचा मोठा गुण.

बसवताना पीसीआयईचा कुठलाही मोकळा स्लॉट चालतो, एक्स१ असो वा एक्स१६. ग्राफिक्स कार्डाच्या लगेच खालचा स्लॉट शक्यतो टाळा, तिथे गरम हवा कोंडते. कार्ड आणि पट्टा सुटे घेतले असतील तर अँटेनाच्या वायरी तुम्हालाच जोडाव्या लागतील. ते कनेक्टर जेमतेम दोन मिलिमीटरचे असतात. वायरीचं टोक बरोबर वर धरायचं आणि नखानं सरळ खाली दाबायचं, ‘टिक्’ झालं की बसलं. तिरपं ढकललं की कडी वाकते आणि मग ते कधीच घट्ट बसत नाही. दोन्ही नीट बसलेत का, हे नंतर वायफायची माहिती दाखवणाऱ्या ‘आयडब्ल्यू’च्या ‘लिंक’ आदेशातून कळतं. वायफाय ६ राउटरशी जोडल्यावर तिथे ‘एचई-एनएसएस २’, म्हणजे दोन्ही अँटेना कामात आहेत, असं दिसायला हवं. राउटर जवळ असून कायम १ दिसत असेल, तर एक वायर सुटली आहे असं समजा. कॅबिनेट भिंतीला टेकून असेल तर मागे थेट स्क्रू होणाऱ्या अँटेनांपेक्षा लांब वायरीची, चुंबकाच्या बुडाची अँटेना घ्या. लोखंडी पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात सिग्नल मार खातो.

आता इन्स्टॉलेशन. ड्रायव्हर, म्हणजे ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच आहे आणि कर्नल ५.१० पासून तो हे कार्ड ओळखतो. अडचण येते ती फर्मवेअरची, म्हणजे कार्ड सुरू होताना त्यात भरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलची. ही फाइल मुक्त नसल्यामुळे डेबियन ती पूर्वी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती त्यातच मिळते, त्यामुळे नेटइन्स्टवरून, म्हणजे बाकीचं सगळं नेटवरून उतरवणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरवरून, थेट वायफायवर इन्स्टॉल करता येतं. डेबियन ११ची जुनी पेनड्राइव्ह पडून असेल तर ती पुसून नवी बनवा.

तरीही डेस्कटॉपवर वायफायचं चिन्ह आलं नाही, तर आधी नेटची सोय करा. अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं, काही टाकावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा जात नाही. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘-एनएनके’ जोडून चालवा आणि ८०८६:२७२५ हा आकडा शोधा. तो नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही किंवा भलतंच कार्ड आलं आहे. आकडा आहे पण खाली ‘ड्रायव्हर इन यूज’ची ओळ नाही, तर कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’ वाचा.

हा लॉग वाचताना बरेच जण उगाच घाबरतात. ड्रायव्हर सगळ्यात नव्या क्रमांकाची फर्मवेअर फाइल आधी मागतो, नाही मिळाली की एकेक पायरी खाली उतरतो. म्हणून सुरुवातीला -२ या एररच्या, म्हणजे फाइल सापडली नाही अशा, काही ओळी येतात. त्यांच्यानंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आली असेल तर सगळं ठीक आहे. ‘डीबग-योयो’ नावाची फाइल नसल्याची तक्रारही खुशाल सोडून द्या, ती फक्त इंटेलच्या डीबगिंगसाठी असते. ‘लोडेड’ची ओळ कुठेच नसेल तर मात्र फर्मवेअर खरंच नाही. डेबियनवर सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग जोडा, ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ पॅकेज टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा. मिंटवर याच कामाच्या पॅकेजचं नाव ‘लिनक्स-फर्मवेअर’. नेटवरून फर्मवेअरची एकच ‘यूकोड’ फाइल उतरवून फोल्डरमध्ये टाकण्याचा सल्ला ऐकू नका, कारण या चिपला सोबत ‘पीएनव्हीएम’ नावाची दुसरी फाइलही लागते. पॅकेजमधून दोन्ही येतात.

त्याच मशीनवर विंडोज असेल आणि लॉगमध्ये -११०, म्हणजे कार्डानं वेळेत उत्तर दिलं नाही अशी एरर, दिसत असेल, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. डेबियनवर आणखी एक खोडी होते: कार्ड दिसतं, पण नेटच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर त्याला ‘अनमॅनेज्ड’ म्हणतो, म्हणजे हात लावत नाही. कारण इन्स्टॉलरनं वायफायची नोंद ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्क/इंटरफेसेस’ फाइलमध्ये ठेवलेली असते. त्या नोंदीच्या ओळी काढा, लूपबॅकची (‘एलओ’ची) तेवढी राहू द्या, आणि रीबूट करा.

ब्लूटूथबद्दल बाजारात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. वायफाय पीसीआयईतून चालतं, ब्लूटूथ यूएसबीतून. म्हणूनच कार्डासोबत एक बारीक केबल येते. ती बोर्डावर ‘एफ-यूएसबी’ किंवा ‘जेयूएसबी’ लिहिलेल्या नऊ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला लावायची. ती न लावता ब्लूटूथचे ड्रायव्हर शोधत बसणाऱ्यांना कुठलाच ड्रायव्हर मदत करणार नाही. छोट्या बोर्डावर असा एकच हेडर असतो आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांनी अडवलेला असतो. तिथे एकाचे दोन करणारा हब घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

हॉटस्पॉटची मर्यादा खरी आहे आणि ती खटकते. कुठल्या देशाचे नियम पाळायचे हे इंटेलचं कार्ड आसपासच्या राउटरांवरून स्वतःच ठरवतं. देश हातानं भारत असा ठरवून दिला तरी ते ऐकत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झवर स्वतःहून प्रसारण करत नाही. २.४ वर हॉटस्पॉट चालतो. ही देश ठरवण्याची सोय बंद करणारा ‘एलएआर-डिसेबल’ पर्याय वापरा असं जुन्या लेखांत सापडेल, पण तो पर्याय कर्नल ५.५ मध्ये काढून टाकला. डेस्कटॉपवरून घरभर वायफाय वाटायचं असेल तर हे कार्ड घेऊ नका.

वेगाचं म्हणाल, तर १६० मेगाहर्ट्झवर जोडणीचा आकडा २४०० एमबीपीएसपर्यंत जातो. मात्र राउटरही तसा हवा. ब्रॉडबँडवाल्यानं दिलेला राउटर वायफाय ५चा, दोन अँटेनांचा असेल तर आकडा ८६७च्या आसपासच थांबेल, मग स्वस्तातलं एएक्स२०० घेतलंत तरी फरक जाणवणार नाही. मिंटवर पिंग मधूनच उड्या मारत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या पॉवरसेव्ह फाइलमधला ३ बदलून २ करा, म्हणजे वीजबचत बंद होते.

ज्यांच्याकडे जुनं ब्रॉडकॉम कार्ड आहे आणि ते ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरवर कसंबसं चालतंय, त्यांनी बदल करावाच. तो ड्रायव्हर २०१५ नंतर पुढे सरकलेला नाही, डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत त्याला येत नाही, आणि सही नसलेले ड्रायव्हर अडवणारं सिक्युअर बूट चालू असेल तर त्यासाठी वेगळी किल्ली नोंदवावी लागते. नवं कार्ड बसवल्यावर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ पॅकेज आठवणीनं काढून टाका, नाहीतर प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते मॉड्यूल पुन्हा बांधलं जाईल आणि ते अडलं की अपडेटही अडेल.