इश्यू, प्रॉब्लेम की कन्सर्न? कुठे कुठला शब्द टाकायचा

मागे एकदा ऑफिसच्या मेलमधे मी लिहून मोकळा झालो, "आय हॅव ॲन इश्यू विथ युवर रिपोर्ट". मला एवढंच म्हणायचं होतं की फाईल उघडत नाहीये, परत पाठवा. समोरच्याने वाचलं की मला त्यांच्या रिपोर्टवर आक्षेप आहे, आणि तासाभरात तीन लांबलचक पॅराग्राफ आले, कुठला आकडा कुठून घेतला त्याचा सगळा हिशोब. फाईल तेव्हाही उघडत नव्हतीच, ते वेगळं.

चूक माझीच. "इश्यू विथ" म्हटलं की इंग्रजीत तो वाद होतो, मला पटत नाही असं. "टेक इश्यू विथ" तर सरळसरळ असहमती. फाईल उघडत नसेल तर "आय हॅड अ प्रॉब्लेम ओपनिंग द फाईल" किंवा "ट्रबल ओपनिंग" म्हणायचं, विषय संपला. (ट्रबल असेल तर त्याआधी "अ" लावू नका, "आय हॅड अ ट्रबल" चुकीचं आहे.)

आपला घोळ का होतो तर मराठीत प्रश्न हा एकच शब्द सगळीकडे चालतो. पेपरातला प्रश्न, पाण्याचा प्रश्न, "प्रश्नच नाही"मधला प्रश्न. इंग्रजीत याचे तीन-चार तुकडे होतात. परीक्षेतला तो क्वेश्चन, गणित असेल तर प्रॉब्लेम, पाण्याचा तो इश्यू. गणिताला इश्यू म्हणालात तर कोणाला कळणारच नाही काय म्हणताय.

मग इश्यू आणि प्रॉब्लेम यात निवडायचं कसं? मी बघतो की पुढे कुठलं क्रियापद येतंय. सोडवायचं असेल, म्हणजे उत्तर सापडलं की गोष्ट संपते अशी असेल, तर प्रॉब्लेम. ज्यावर चार लोकांची चार मतं आहेत, जे मांडायचं, उकरून काढायचं, चर्चेला घ्यायचं आहे, ते इश्यू. म्हणून इंग्रजीत "सॉल्व्ह अ प्रॉब्लेम" पण "रेझ ॲन इश्यू". "रेझ अ प्रॉब्लेम" त्या मानाने कमी ऐकू येतं, प्रॉब्लेम सहसा कोणी उपस्थित करत नाही, तो येऊन बसतो. गाडी पंक्चर झाली हा प्रॉब्लेम, गाडी कोणी चालवायची यावरून घरात होतं ते इश्यू.

आता खरी गंमत. हल्ली ऑफिसात कोणीच प्रॉब्लेम म्हणत नाही, सर्व्हर झोपला तरी "देअर इज ॲन इश्यू". इश्यू जरा सौम्य वाटतं, कोणाची चूक ते सांगावं लागत नाही. मला हे फार आवडत नाही पण रूढ झालंय, त्यामुळे ग्राहकाला मेल लिहिताना इश्यू टाकलात तर कोणी नावं ठेवणार नाही. मात्र जिथे खरंच काहीतरी बंद पडलंय आणि समोरच्याने लगेच हलायला हवंय तिथे प्रॉब्लेमच लिहा, इश्यू वाचून माणूस जेवून येतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं अजून निराळं, गिटहबवर (प्रोग्रॅमचा कोड ठेवायची वेबसाइट) इश्यू म्हणजे नोंद, त्यात बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक असेल, नवीन फीचरची मागणी असेल, नुसती शंकाही असेल. तिथे इश्यू आणि बग एकच समजू नका.

कन्सर्न कधी? जेव्हा अजून काही बिघडलेलं नाही पण मनात पाल चुकचुकतीये. "आय हॅव अ कन्सर्न अबाउट द डेडलाईन" म्हणजे तारखेची काळजी वाटतीये. त्याच जागी "आय हॅव ॲन इश्यू विथ द डेडलाईन" म्हणजे ही तारीख मला मान्य नाही. साहेबांना लिहिताना हा फरक महागात पडू शकतो, शंका असेल तर कन्सर्न घ्या. टॉपिक म्हणजे नुसता विषय, त्यात भांडण नाही. मॅटर म्हणजे बाब, कायद्याच्या आणि ऑफिसच्या भाषेत चालतो, रोजच्या बोलण्यात "व्हॉट्स द मॅटर" सोडून फारसा लागत नाही.

हे झालं अडचणीवालं इश्यू. पण मासिकाचा अंकही इश्यूच, शेअर बाजारातला पब्लिक इश्यूही इश्यूच, आणि सरकार पासपोर्ट इश्यू करतं तेही. यांचा एकमेकांशी काय संबंध? हा शब्द साधारण १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बाहेर पडणे, एक्झिट त्याच घरातला. आणि आपल्याकडे बघा, अंक निघतो, आदेश निघतो, विषय निघतो, कंपनी शेअर काढते, भांडण उकरून काढतात. निघणे-काढणे म्हणून बघितलं की इश्यूचे बहुतेक सगळे अर्थ एका दोरीत येतात. मला हे कळलं तेव्हापासून पाठ करणं बंद झालं.

पण याच काढण्यात एक खड्डा आहे. मराठीत "मी पासपोर्ट काढला" म्हणतो, म्हणजे घेणाराच काढतो. इंग्रजीत इश्यू करतो तो देणारा. म्हणून "आय इश्यूड अ बुक फ्रॉम द लायब्ररी" हे चूक, पुस्तक ग्रंथपाल इश्यू करतात, तुम्ही बॉरो करता. हे आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की चूक वाटतच नाही, पण बाहेरच्या माणसाला वाटेल तुम्हीच लायब्ररीत कामाला आहात.

इश्यू आणि ग्रँट यातही गल्लत होते. ग्रँट म्हणजे मंजूर होणं, इश्यू म्हणजे कागद प्रत्यक्ष हातात पडेल असा निघणं. अर्ज मंजूर झाला एवढंच सांगायचं असेल तर ग्रँटेड पुरे.

अंकाच्या बाबतीत सोपं आहे. मासिकाचा तो इश्यू, पुस्तकाची आवृत्ती ती एडिशन, तुमच्या हातातली प्रत ती कॉपी. "वर्ष १२, अंक ३" याचं इंग्रजी व्हॉल्यूम १२, इश्यू ३. "आय बॉट टू इश्यूज" म्हणजे दोन वेगळे अंक घेतले, एकाच अंकाच्या दोन प्रती असतील तर टू कॉपीज.

अनेकवचनाचं मात्र जपून. "ही हॅज इश्यूज" म्हणजे त्याला अडचणी आहेत असं नाही, त्याच्या डोक्यात काहीतरी गुंता आहे असा टोमणा होतो. ट्रस्ट इश्यूज, अँगर इश्यूज त्यातलेच. एखाद्या सहकाऱ्याला नुसत्या कामात अडचणी येतायत तर "ही इज हॅविंग सम प्रॉब्लेम्स विथ द सॉफ्टवेअर" असं कशात ते पूर्ण लिहा. आणि कोणी थँक यू म्हटल्यावर आपण जे "नो इश्यूज" म्हणतो ना, ते आपल्या आपल्यात ठीक, परक्याला "नो प्रॉब्लेम" जास्त ओळखीचं वाटतं.

राहिलं एक. जुन्या मृत्युपत्रात किंवा वंशावळीत "डाइड विदाउट इश्यू" दिसलं तर काहीही भानगड न होता सुखाने गेले असा अर्थ लावू नका, मी लावला होता. तिथे इश्यू म्हणजे मूलबाळ, माणूस निःसंतान गेला.