चित्र थांबवता न येणारा प्रोजेक्टर : उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

उजेडाचे (लुमेनचे) फुगवलेले आकडे, फोकस, तिरकं चित्र सरळ करणारं कीस्टोन यावर सगळ्यांनी लिहून झालंय, त्यात मी शिरत नाही. साडेनऊ हजारांचा हा एलईडी प्रोजेक्टर राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी घेतला. रविवारी दुपारी मुलं जमतात. सिनेमाचा एखादा तुकडा, एखादं चित्र नाहीतर चित्रपुस्तकाची पानं बघायची आणि मग त्यावर मनसोक्त वाद घालायचा, असा उद्योग आहे. लाईट गेली तरी घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. आमच्याकडे हा गुण सगळ्यात आधी बघावा लागतो.

आता तक्रार. पॉज केलं की पडद्याच्या बरोब्बर मध्यावर दोन जाड पांढऱ्या उभ्या रेघा येतात आणि हलत नाहीत. वर थोडा वेळ रिमोटला हात लावला नाही, तर मशीन स्वतःच्या मनाने फुलांचे फोटो दाखवायला लागतं. जेवता जेवता पिक्चर बघणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. आमचं काम थांबवल्यावरच सुरू होतं!

उदाहरण सांगतो. अल्बेर लामोरिसचा १९५६ चा फ्रेंच लघुपट ‘द रेड बलून’. ३४ मिनिटांचा, संवाद जवळजवळ नाहीत, म्हणून भाषेची अडचण नाही. पॅरिसमधल्या एका मुलाच्या मागे लाल फुगा फिरतो. घरातली बाई फुगा खिडकीबाहेर सोडते, तरी तो जात नाही, तिथेच तरंगत राहतो. इथे थांबवायचं आणि विचारायचं, फुग्याला इच्छा आहे का? असेल तर ती आपल्याला कशावरून कळली? नेमक्या त्या फुग्यावर या रेघा. चर्चा रंगात आली की फुगा गायब आणि भिंतीवर ट्यूलिप.

हेल्पलाइनवाला म्हणाला, “सर, तो दोष नाही, फीचर आहे.” बंद कसं करायचं? “तसा ऑप्शन नाहीये सर.” पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणाला. अपडेट आलं, त्यात फुलं वाढली.

लिओ लिओनीच्या ‘फिश इज फिश’ (१९७०) या पुस्तकाचंही तेच. मी पानांचे फोटो जोडून व्हिडिओ केला होता. बेडूक जमिनीवर फिरून येतो आणि तळ्यातल्या माशाला गायीचं वर्णन सांगतो. माशाने आयुष्यात मासेच पाहिलेले, त्यामुळे त्याच्या डोक्यात शिंगं, चार पाय आणि सड असलेला मासाच उभा राहतो. ते पान थांबवलं तर रेघा त्या गाय-माशाच्या अंगावर. मागून एकाने विचारलं, “काका, गायीला गंध कोणी लावलान?” पुढची दहा मिनिटं खिदळण्यात गेली.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. नंतर भाच्याने तोड काढली. हव्या त्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पेनड्राईव्हवर टाकायचा आणि फोटोच्या मेनूतून उघडायचा. रेघा नाहीत, फुलं नाहीत, खाली फाइलचं नाव तेवढं दिसतं. गाय-मासा परत लावला. या वेळी खालच्या आळीतली एक मुलगी म्हणाली, “मग देवाला पण आपण माणसासारखंच काढतो.” ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ झेनोफनीस म्हणून गेला होता की घोड्यांना आणि बैलांना हात असते, तर त्यांनी देव घोड्याबैलासारखेच काढले असते. हिने त्याचं नावही ऐकलेलं नाही. तिसरा तारा या मुलीचा.

खरं तर १९७४ मध्ये न्यू जर्सीत मुलांच्या तत्त्वज्ञानाची संस्था काढणाऱ्या मॅथ्यू लिपमनने स्वतःच्या गोष्टींत चित्रं मुद्दाम टाळली होती. कल्पना मुलांनी करायची, चित्रकाराने नव्हे, असं त्याचं म्हणणं. चित्रपुस्तकांचा आग्रह पुढे कॅरिन मरिस यांच्यासारख्यांनी धरला. मी मरिसबाईंच्या बाजूचा. आणि आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आलेत. पोथीतलं चित्र समोर धरायचं, वीणा-हुडुकाच्या साथीने कथा सांगायची. चित्र किती वेळ धरायचं ते सांगणारा ठरवतो, कंपनी नाही.

मग जून. पहिल्या पावसाच्या पाखरांतलं एक हवेच्या झरोक्यातून, म्हणजे व्हेंटमधून, आत शिरलं आणि जिथे चित्र तयार होतं त्या आतल्या पॅनलवर चिकटून मेलं. भिंतीवर वीतभर काळा किडा, पाय मोजता येतील इतका स्वच्छ. त्या दिवशी बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पाचा फोटो होता, दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. किडा थेट वाघावर. एकजण चप्पल घेऊन भिंतीकडे धावला, तर किडा त्याच्या हातावर! भिंतीवर नाही, हातावरही नाही, मशीनमध्ये आहे म्हणता, मग मी मारतोय ते काय, असा त्याचा प्रश्न. ठरलेला विषय बाजूला ठेवून मी बेल्जियन चित्रकार मॅग्रितचं १९२९ चं चित्र लावलं : पाईप काढलाय आणि खाली लिहिलंय, हा पाईप नव्हे. एरवी यावर मुलं जांभया देतात. त्या दिवशी साडेसहापर्यंत कोणी घरी जाईना.

किड्याचं कौतुक एवढंच. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला मशीन नेलं. किडा वॉरंटीत बसत नाही म्हणे. अख्खं ऑप्टिकल युनिट बदला, बत्तीसशे रुपये. व्हेंटला जाळी नाही हा दोष कोणाचा, विचारलं तर “तुमच्याकडे किडे जास्त आहेत.” तसाच परत आलो. राजापुरात मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने मशीन उघडलं, ब्लोअर मारला, दीडशे घेतले. आता सील तुटलं म्हणून उरलेली वॉरंटीही रद्द. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे.

व्हेंटला मच्छरदाणीचा तुकडा लावू नका. हवा अडते, मशीन तापतं आणि पंखा इतका ओरडतो की लाजऱ्या मुलांचं बोलणं ऐकूच येत नाही. आम्ही आता पावसाळ्यात दिवेलागणीच्या आत आटोपतो आणि मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसकट पत्र्याच्या डब्यात बंद करतो.

सिनेमे बघायला घेणार असाल तर या किमतीत ठीक आहे, सेलमध्ये आठपर्यंत मिळतो. वर्गासाठी घेणार असाल तर दुकानातच पॉज दाबून दहा मिनिटं उभे राहा, विक्रेता कितीही चुळबुळला तरी. तीन तारे.