डिस्को दिवाने की दहा रागांचा डिस्को?

परवा रंकाळ्यावर बसून दोन्ही अल्बम परत ऐकले भावा. नाझिया हसनचा डिस्को दिवाने, १९८१चा, बिद्दूचं म्युझिक. आमच्या घरी त्याची कॅसेट होती, टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. गाणी आजपण लगेच तोंडात बसतात, विषय संपला.

पण दुसरा, चरणजित सिंगचा १९८२चा सिंथेसायझिंग म्हणजे नाद खुळा. दहा राग, गाणारं कुणी नाही, खाली रोलँडची ८०८ ड्रम मशीन आणि त्यांच्याच ३०३ या बेस वाजवणाऱ्या मशीनचा तो चिकट, वळवळणारा बेस, आणि वर सिंथेसायझरवर भैरव. शिकागोत ३०३चा असाच आवाज गाजला तो १९८७ला, तोवर आपल्याकडं हे कुणी विचारलंपण नव्हतं, २०१०ला परत निघाला तेव्हा कुठं लोक जागे झाले.

एक मात्र हाय, ठेका सगळीकडं तोच, त्यामुळं चारपाच राग झाले की डोकं जरा भणभणतं. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या या कोल्हापुरात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, शोधणारे कान असतात, त्यांना हे पटणार नाही. भैरव तेवढा पहाटे हेडफोनवर ऐका.

लग्नात लावायला नाझियाच. एकट्यानं ऐकायला मी तरी चरणजितच घेतो.