उन्हात बंद पडणारी गाडी आणि बोटभर स्पार्क टेस्टर

वस्तू दिसायला अगदीच किरकोळ आहे. बोटभर लांबीची पारदर्शक नळी, आत निऑनचा बारका दिवा. एक टोक स्पार्क प्लगवर (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) बसतं, दुसऱ्यात प्लगची वायर अडकवायची. करंट येत असेल तर इंजिन फिरताना दिवा लुकलुकतो, नसेल तर नाही. मी हा टेस्टर घेतला तेव्हा गाडीत नवा फ्युएल पंप बसून तीन आठवडे झाले होते आणि गाडी तरीही बंद पडतच होती.

गाडी 1996 सालची. इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी), पण डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) असलेली. सकाळी कितीही पळवा, कुरकुर नाही. भर दुपारी चाळीसेक मिनिटं चालली की गचका न देता, कुणी किल्ली फिरवल्यासारखी बंद. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. गॅरेजपर्यंत ओढून नेईस्तोवर ती गार झालेली असायची. मेकॅनिकने सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू, आणि खोटी पडायची मी.

पंप बदलला गेला त्यात अर्धी चूक माझीच. बंद पडल्यावर सेल्फ मारताना मागून पंपाची घरघर ऐकू येत नव्हती, ते मी मोठ्या हुशारीने सांगितलं होतं. निरीक्षण खरं होतं, अर्थ चुकला. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही तर कॉम्प्युटर पंप एक-दोन सेकंदांत बंद करतो. अपघातानंतर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय असते. म्हणजे पंप गप्प होता तो बिघडल्यामुळे नव्हे, त्याला कुणी चालू राहायलाच सांगत नव्हतं. हे कळलं तेव्हा जुना पंप भंगारात गेला होता.

टेस्टर डॅशबोर्डच्या खणात ठेवला आणि मुद्दाम दुपारी आईला घेऊन निघाले. अपेक्षेप्रमाणे गाडी थांबली. अशा वेळी वेळ फार थोडा असतो. पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता आधी थोडी वाढते आणि मग उतरायला लागते. तेवढ्यातच काय ते बघून घ्यायचं. जाड हातमोजे घातले, प्लगची टोपी धरून ओढली (वायर धरून ओढाल तर आतून तुटते), मध्ये टेस्टर बसवला आणि आईला म्हटलं, "मार सेल्फ."

"अगं, पेटलं का काही?"

काही दिसेना. आणि हीच या वस्तूची सगळ्यात मोठी खोट. निऑनचा तो मिणमिणता नारिंगी उजेड उन्हात दिसतच नाही. जी गाडी उन्हातच बंद पडते तिच्यासाठी हे हत्यार, आणि उन्हात आंधळं! शेवटी आईची ओढणी डोक्यावरून इंजिनवर धरली, पदर पट्ट्यांपासून लांब ठेवून, आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. आता खात्री झाली. एकदाही लुकलुकला नाही. आईला आरपीएमच्या (इंजिन किती वेगाने फिरतं ते दाखवणाऱ्या) काट्याकडेही बघायला सांगितलं होतं. "मेल्यासारखा पडलाय," ती म्हणाली. काटा जरा जरी थरथरला असता तर मी कॉइलवर (ठिणगीसाठी करंटचा जोर वाढवणाऱ्या भागावर) संशय घेतला असता. स्पार्क नाही, काटा हलत नाही आणि पंपही गप्प, म्हणजे गडबड तिघांच्याही अलीकडे, सिग्नल जिथून निघतो तिथे. माझ्या गाडीत तो डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअप कॉइलमधून (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या छोट्या सेन्सरमधून) निघतो.

घरी आल्यावर मल्टीमीटर लावला. गार असताना पिकअपचा रेझिस्टन्स पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. हेअर ड्रायरने पाच-सहा मिनिटं शेकला आणि आकडा जाऊन सर्किट ओपन. आतली केसासारखी तार कुठेतरी तुटलेली असणार, गार असताना टोकं टेकलेली, तापली की सुटणारी. पिकअप बदलला. त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला, गाडी एकदाही थांबलेली नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हा टेस्टर स्पार्क आहे की नाही एवढंच सांगतो, जोर सांगत नाही. तापून अर्धमेल्या झालेल्या कॉइलचा स्पार्क दिवा पेटवेल, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझेल, आणि तुम्ही उगाच पेट्रोलच्या मागे लागाल. त्यासाठी गॅप (ठिणगी जी फट ओलांडते ती) कमीजास्त करता येणारा टेस्टर लागतो, त्याची ठिणगीही मोठी असल्याने सहज दिसते. दुसरं, ज्या गाड्यांत कॉइल थेट प्लगवरच बसते तिथे हा वेगळ्या वायरशिवाय बसत नाही. डिझेलवाल्यांनी तर वाचूनच सोडून द्यावं, त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो.

दिवा चांगला लुकलुकत असेल आणि तरीही गाडी सुरू होत नसेल, तर मात्र पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण उघडून बघायला काही लागत नाही. आत हवा ओढल्याचा मोठा आवाज आला आणि झाकण सैल ठेवल्यावर गाडी चालली, तर टाकीला हवा मिळत नसण्याची शक्यता मोठी. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होण्याचा संशय आधी घ्यावा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा उन्हासाठी कापला, एक टेस्टरच्या टोपीच्या रबरासाठी. तिसऱ्यांदा लावताना ते चिरलं, आता त्यावर इन्सुलेशन टेप आहे. ओढणीला ऑइलचा डाग पडलाय, तो आई अजून विसरलेली नाही.