“उकळलेलं आहे, म्हणजे शुद्धच आहे”: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून घेताना झालेली माझी फसवणूक

लातूरमध्ये आमच्या भागात दारोदार फिरून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून देणाऱ्या एका माणसाने मे २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात मला डिस्टिल्ड वॉटर म्हणून बोअरचे उकळलेले पाणी विकले आणि त्यापायी जेमतेम दोन वर्षे वापरलेली माझी बॅटरी निकामी झाली. बँकेत एकतीस वर्षे रोखपालाचे काम करून खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला पाण्याने फसवावे, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पण त्याच माणसाने आमच्याच गल्लीत एका आजारी वृद्धेच्या ऑक्सिजन यंत्रासाठीही तेच पाणी दिले होते असे कळल्यावर गप्प बसणे योग्य वाटले नाही.

मी का फसलो हे सांगण्यासाठी घरातली एक जुनी सवय सांगितली पाहिजे. मुलगा लहान असताना त्याला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी पाणी उकळून पिण्यास सांगितले, तेव्हापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळते, गार होते आणि सकाळी माठात जाते. ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावात नळाचे, टँकरचे, बोअरचे आणि जारचे पाणी चवीवरून ओळखणारी माणसे घरोघरी सापडतील. तरीही पंचवीस वर्षांच्या त्या सवयीमुळे ‘उकळलेले’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकच होऊन बसले होते, आणि त्या माणसाने नेमके तेच हेरले.

तो मोटारसायकलवर आला. मागे दोरीने बांधलेले दोन पांढरे कॅन, खांद्याला पिशवी, हातात ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाचा दाटपणा, तपासण्याची काचेची नळी, आणि खिशात फक्त ‘बॅटरी सर्व्हिस’ एवढे शब्द व एक मोबाइल क्रमांक छापलेले कार्ड. दर तीन महिन्यांनी येऊन बॅटरी साफ करणार, पाणी भरणार आणि ग्रॅव्हिटी तपासणार, त्याचे वर्षाचे बाराशे रुपये, असा त्याचा हिशेब होता. कॅनवर काहीच लिहिलेले नाही हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले आणि तिने विचारलेही. त्यावर तो म्हणाला, “मावशी, कंपनीच्या डब्यात नावाचेच पैसे असतात. हे मी स्वतः तीन-तीनदा उकळून आणतो. उकळलेलं आहे, म्हणजे शुद्धच आहे. डिस्टिल म्हणजे दुसरं काय असतं?” मी मान डोलावली. पत्नी आणखी एक प्रश्न विचारणार होती, पण मी तिला थांबवले आणि बाराशे रुपये मोजून दिले. पावती मागितली नाही.

पाणी भरून झाल्यावर त्याने लगेच काचेची नळी एका झाकणातून आत घालून आम्हाला दाखवली. आतला तरंगता काटा लाल पट्ट्यात होता. “बघा साहेब, ग्रॅव्हिटी पार गेलीय, मी आलो म्हणून वाचली,” असे तो म्हणाला. या दाखवण्यातही एक युक्ती होती हे मला वर्षभराने समजले. बॅटरीतील आम्ल पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे नुकतेच ओतलेले पाणी चार्जिंग होऊन नीट मिसळेपर्यंत वरच्या थरातच राहते, आणि त्या वेळी नळीत ओढलेला नमुना अर्थातच पातळ निघतो. ग्रॅव्हिटी तपासायची ती पाणी ओतण्याआधी किंवा पूर्ण चार्जिंगनंतर. पाणी ओतल्या क्षणी तपासली तर धडधाकट बॅटरीही आजारी दिसते.

ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशा आणखी तीन फेऱ्या झाल्या. चार फेऱ्यांत मिळून त्याने सुमारे तेरा लिटर पाणी ओतले असावे. जानेवारीपासूनच बॅकअप कमी होऊ लागला होता. पूर्वी दोन पंखे आणि तीन दिवे चार तास चालत, ते आता तासाभरात मान टाकू लागले. बॅटरी हाताला गरम लागे आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दांड्या पूर्वीपेक्षा फार लवकर लाल खुणेपर्यंत खाली जात. एप्रिलमध्ये एका रात्री वीज गेली आणि वीस मिनिटांत इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला.

ज्या दुकानातून बॅटरी घेतली होती तिथल्या कारागिराने एक झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न केला, “पाणी कुठलं टाकता?” आतले द्रावण स्वच्छ दिसायला हवे होते, ते गढूळ तपकिरी झाले होते. मी कराराची हकीकत सांगितली. वॉरंटीचे कागद त्याने हातातही घेतले नाहीत. बाहेरचे पाणी घातल्याचे दिसले की दावा मंजूर होत नाही, असे त्याने सरळ सांगितले, आणि खरे सांगायचे तर त्याचे काही चुकले नाही.

त्या माणसाला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. “साहेब, तुम्ही घरी जे पिता त्याच्यापेक्षा माझं पाणी चांगलं आहे,” असे म्हणाला, दोन दिवसांत येतो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद झाला. फेब्रुवारीच्या फेरीत त्याने एक अर्धवट भरलेला कॅन “मध्येच लागलं तर असू द्या” म्हणून आमच्याकडे ठेवला होता, तेवढा मात्र हाती राहिला.

माझे एक मित्र महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना मी तो कॅन, आमच्या बोअरचे बाटलीभर पाणी आणि दुकानातून बिलासह आणलेला बॅटरीच्या पाण्याचा सीलबंद डबा असे तिन्ही नेऊन दाखवले. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारा, पेनाएवढा टीडीएस मीटर त्यांच्याकडे होता. हा आजकाल काही शे रुपयांत मिळतो. सीलबंद डब्यात मीटरने लिटरला २ मिलिग्रॅम दाखवले. आमच्या बोअरच्या पाण्यात ९४०. त्या माणसाच्या कॅनमध्ये ८१०. मग त्यांनी तीन परीक्षानळ्यांत थोडे थोडे पाणी घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. डब्यातले पाणी होते तसेच राहिले. बोअरचे आणि कॅनचे पाणी दूध पडल्यासारखे पांढरे झाले, ते क्लोराइड. ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही त्यांच्यासाठी त्यांनी घरगुती उपायही दाखवला. स्टीलच्या स्वच्छ थाळीत तिन्ही पाण्यांचा एकेक चमचा वेगवेगळ्या जागी टाकून थाळी उन्हात ठेवली. लातूरच्या एप्रिलात पाणी सुकायला कितीसा वेळ लागतो? डब्याच्या पाण्याची जागा शोधावी लागली. बाकी दोन ठिकाणी रांगोळी सांडल्यासारखे पांढरे वर्तुळ उमटले होते.

आता मुख्य फरक, जो मला साठीनंतर कळला. पाणी उकळले की त्यातील जिवाणू, विषाणू आणि इतर रोगकारक जीव मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तशीच ठेवली तरी पिण्यासाठी ते पुरेसे होते. परंतु पाण्यात विरघळलेले मीठ, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड यांपैकी काहीही उकळण्याने निघून जात नाही. उलट थोडी वाफ उडून गेल्यामुळे राहिलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. अपवाद फक्त जडपणाच्या एका भागाचा. कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने मोडते आणि त्याचा न विरघळणारा कार्बोनेट खाली बसतो. आमच्या पातेल्याच्या आत जमणारा आणि पत्नी दर पंधरवड्याला चिंच लावून घासून काढते तो पांढरा थर म्हणजे हाच. डिस्टिल्ड पाणी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ऊर्ध्वपातित पाणी, याच्या अगदी उलट रीतीने मिळते: पातेल्यात उरते ते टाकायचे आणि उडून गेलेली वाफ गार करून धरायची. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, म्हणून ते पाणी कोरे असते. भाताच्या झाकणाच्या आतून ओघळणारे थेंब हे डिस्टिल्डचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे, आणि पातेल्यातले पाणी तीनदाच काय तीनशेदा उकळले तरी ते त्या थेंबांसारखे होणार नाही.

खर्चाचा फरकही मित्राने कागदावर मांडून दिला आणि हिशेबाची सवय असल्यामुळे मला तोच जास्त पटला. एक लिटर पाणी साधारण २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ०.०९ युनिट वीज लागते, पण त्या उकळत्या लिटरची पूर्ण वाफ करण्यास आणखी सुमारे ०.६३ युनिट. म्हणजे सगळे मिळून नुसत्या उकळण्याच्या आठपट ऊर्जा. म्हणूनच बाजारात बॅटरीसाठी मिळणारे पुष्कळसे पाणी खरे तर वाफेचे नसून रेझिनच्या टाक्यांतून क्षार काढलेले, म्हणजे डीएम पाणी असते. बॅटरीला ते चालते, कारण तिला क्षार नकोत एवढेच तिचे म्हणणे आहे. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०६९ वेगळे आहे आणि पिण्याच्या पाण्याचे आयएस १०५०० वेगळे आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानले आहेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. पिण्यास उत्तम असलेले पाणी बॅटरीचा घात करू शकते ते यामुळे.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातील पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. आम्ल तिथेच राहते आणि पाण्यातून आलेले क्षारही तिथेच राहतात. प्रत्येक फेरीत नवे क्षार आत येतात, बाहेर एकही जात नाही. लिटरमागे ८१० मिलिग्रॅम धरले तर तेरा लिटरमधून माझ्या बॅटरीत साडेदहा ग्रॅम क्षार गेले, म्हणजे दोन लहान चमचे. क्लोराइड पट्ट्यांची शिशाची जाळी कुरतडते, लोहामुळे बॅटरी वापर नसतानाही आपोआप उतरत राहते, आणि कॅल्शियमचे आम्लाशी जुळून सल्फेट बनते जे सहजी विरघळत नाही. तरीही बॅटरी लगेच मरत नाही. आठ-दहा महिने रडतखडत चालते. तेवढा काळ पैसे घेऊन निघून जाण्यास पुरतो.

शेजारच्या घरातील प्रकार मला अधिक गंभीर वाटतो. तिथल्या आजींना घरी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर लावलेला आहे आणि त्याच्या बुडबुड्यांच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी घालावे असे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. या माणसाने बॅटरीवाल्याच कॅनमधून त्यांनाही पाणी दिले. त्यांच्या सुनेने मला बाटली दाखवली तेव्हा नळीच्या तोंडाशी पांढरी खरड धरली होती. क्षारांपेक्षाही मला धास्ती वाटली ती झाकण उघडून महिना महिना पलंगाखाली ठेवलेल्या कॅनची. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. डब्याचे झाकण उघडले, त्यात हात गेला, दिवस गेले की कोऱ्या पाण्यातही जंतू वाढू शकतात. त्या बाटलीतले पाणी रोज बदलायचे आणि बाटली रोज धुवायची असते. आता सूनबाई औषधाच्या दुकानातून सीलबंद निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या आणतात.

याच्या उलट चूकही होऊ नये म्हणून लिहितो. या प्रकारानंतर आमच्या एका परिचितांनी “मग पिण्यासाठीही डिस्टिल्डच आणू” असे ठरवले होते. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी पिण्यासाठी भरलेलेच नसते. त्याचे डबे, नळ्या, टाक्या कुणी त्या दृष्टीने तपासत नाही. पिण्याला उकळलेले पाणी योग्य. जलनेतीला उकळून कोमट केलेले पाणी योग्य, कारण तिथे धोका जंतूंचा असतो, आणि मीठ तर आपण स्वतःच घालतो. फ्लोराइडचा त्रास असलेल्या गावात मात्र उकळण्याने काही साधत नाही.

पाणी विकत घेताना डब्याचे सील शाबूत असावे, त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, भरल्याचा महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा, आणि बिल घ्यावे. एवढे नसलेला कॅन घेऊन कोणी दाराशी आला तर मीटर त्याच्यासमोर बुडवावा. बॅटरीच्या पाण्यात आकडा दहाच्या आत असायला हवा. पाणी भरणाऱ्याने झाकणे उघडली की पाणी ओतण्याआधी ग्रॅव्हिटी दाखवायला सांगावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, पण विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि बिल विचारल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. होते ते बंद पडलेल्या मोबाइलचे कार्ड. जुनी बॅटरी मोडीत देऊन नवीन घेताना खिशातून सव्वातेरा हजार गेले, आणि कराराचे बाराशे वेगळे.

त्याचा कॅन मी पुरावा म्हणून गच्चीच्या जिन्याखाली ठेवला आहे. मित्र परवा घरी आले तेव्हा त्यांनी तो उचलून उजेडात धरला. तळाशी बोटभर जागेत पांढरा, पिठासारखा गाळ बसला होता, आमच्या पातेल्यात बसतो तसाच. “याने पाणी खरंच उकळलेलं असणार,” ते म्हणाले. पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, “मी त्या दिवशी तेच विचारणार होते ना, की उकळल्यावर पातेल्याला जे चिकटतं, ते तुमच्या बॅटरीत कुठे जातं?”